वाचक विचारतात: शिक्षा कायमची, तर न्याय कसला?

गेल्या अंकात मत्तय 25 वर लेख होता. मेंढरं उजवीकडं, शेरडं डावीकडं, आणि डावीकडच्यांना सार्वकालिक अग्नी. त्यावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांचा रोख बहुतेक एकच आहे: न्यायाचा दिवस मान्य, पण कधीच न संपणारी शिक्षा मनाला पटत नाही. काही प्रश्न अभ्यासाचे आहेत, काही घरातल्या दुःखाचे. नावं छापलेली नाहीत. वचनांचे आकडे दिले आहेत, ते पवित्र शास्त्र उघडून पडताळून पाहावेत.

प्रश्न: माणूस जगतो साठ-सत्तर वर्षं. त्यातल्या पापांना अंत नसलेली शिक्षा? तालुक्याचा न्यायाधीशसुद्धा कोंबडीचोराला फाशी देत नाही. हे विचारलं की पाळकसाहेब म्हणतात, शंका घेऊ नका. (माध्यमिक शिक्षक, अंबड)

शंका घेऊ नका म्हणणाऱ्यांना उत्पत्तीचा 18वा अध्याय वाचायला द्या. सदोमाचा नाश ठरतोय हे कळल्यावर अब्राहाम देवालाच विचारतो, अवघ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? आणि मग पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत घासाघीस करत खाली येतो. देव त्याला गप्प बसवत नाही, दर वेळी उत्तर देतो. तेव्हा प्रश्न चालतो. उत्तरं कितपत टिकतात एवढंच बघायचं.

सगळ्यांत गाजलेलं उत्तर धर्मपंडित ऑगस्टीनचं (इ.स. 354–430). गुन्ह्याला लागलेला वेळ आणि शिक्षेची मुदत यांची सांगड कुठलाच कायदा घालत नाही, असं तो म्हणतो. खून मिनिटभरात होतो, त्याची शिक्षा वर्षानुवर्षं चालते. हे खरंच आहे, आणि 'सत्तर वर्षांना अनंत काळ' असा हिशेब मांडणाऱ्यानं ते आधी कबूल करावं. पण यानं फक्त मुदतीचा आक्षेप खोडला जातो. कोंबडीचोराचा आक्षेप प्रमाणाचा आहे, तो तसाच उरतो.

प्रमाणाचं उत्तर अन्सेल्म (1033–1109) आणि थॉमस अक्वायनस (मृत्यू 1274) यांच्याकडून आलं. गुन्हा कोणाविरुद्ध घडला त्यावर त्याचं वजन ठरतं. देव अनंत थोर, म्हणून त्याच्याविरुद्धचं पाप अनंत, म्हणून शिक्षाही अनंत. कन्वेन्शनच्या मांडवात आजही हेच ऐकू येतं: शेजाऱ्याला थप्पड मारली तर भांडण, कलेक्टरला मारली तर जेल. ऐकायला चपखल आहे. पण आपल्या मंडळ्यांत, जिथं अनेकांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले, हा दाखला देताना जीभ अडखळायला हवी. मनुस्मृतीच्या 8व्या अध्यायात अगदी हाच हिशेब आहे. ब्राह्मणानं शूद्राला शिवी दिली तर 12 पणांचा दंड, क्षत्रियानं ब्राह्मणाला दिली तर 100 पणांचा, आणि शूद्रानं ब्राह्मणाला दिली तर शारीरिक शिक्षा. अपमान एकच, शिक्षा दर्जा बघून. पाटलाच्या वाड्यापुढून पायात चप्पल घालून गेला म्हणून ज्यानं मार खाल्ला, त्याच्या नातवाला आपण काय सांगणार? देवाचा न्यायही त्याच जातीचा, फक्त त्याहून मोठा?

शास्त्रात याच्या उलट दिशेनं जाणारी वचनं आहेत. अनुवाद 25:2-3 मध्ये अपराधाच्या मानानं फटके मोजून द्यायला सांगितले आहेत आणि चाळीसच्या पुढं जायला बंदी आहे. कारणही दिलंय: त्याहून जास्त मारलं तर तुझा भाऊ तुझ्या नजरेतून उतरेल. म्हणजे मार खाणारा गुन्हेगार 'भाऊ'च राहतो. लूक 12:47-48 मध्ये येशू स्वतः थोडे फटके आणि पुष्कळ फटके असा भेद करतो. मत्तय 11:20-24 मध्ये सोर आणि सीदोन यांना खोराजिन-बेथसैदापेक्षा आणि सदोमाला कफर्णहूमपेक्षा सोपं जाईल असं सांगतो. अनंत शिक्षेची बाजू घेणारे यावर म्हणतात की मुदत सर्वांना सारखी, दाह कमी-जास्त. तर्काला हे धरून आहे. पण कमीत कमी दाहसुद्धा कधीच थांबणार नसेल, तर 'थोडे फटके' म्हणण्यात फारसा अर्थ राहत नाही.

तिसरं उत्तर असं, की नरकातही माणूस पाप करतच राहतो, म्हणून शिक्षाही चालू राहते. यासाठी प्रकटीकरण 16:9 आणि 11 दाखवतात, पीडा सोसतानाही लोक देवाची निंदा करतात ते. ती वचनं पृथ्वीवरच्या पीडांची आहेत, शेवटच्या न्यायाच्या आधीची. नरकातल्या पुढच्या पापांबद्दल सरळ सांगणारं वचन दाखवणं कठीण आहे. शिवाय मग शिक्षा या आयुष्यातल्या पापांची न राहता पुढच्या पापांची होते. व्यासपीठावरून सांगितलं जातं ते हे नव्हे.

चौथं उत्तर आज सगळ्यांत जास्त मानलं जातं: देव कोणाला ढकलत नाही, माणूसच स्वतःला देवापासून तोडून घेतो. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथात (परिच्छेद 1033) नरकाची व्याख्या अशीच आहे, आणि परिच्छेद 1037 मध्ये देव कोणालाही नरकासाठी नेमून ठेवत नाही असं स्पष्ट म्हटलंय. पूर्वेकडच्या सिरियन परंपरेतला 7व्या शतकातला निनवेचा इसहाक याहून पुढं गेला. नरकात जो चाबूक बसतो तो प्रीतीचाच, असं तो म्हणतो. ज्या प्रीतीशी आपण बेइमान झालो ती समोर उभी राहिल्याची ती वेदना. आमच्या मते चौघांत हे उत्तर सर्वांत भक्कम. पण त्यालाही भेग आहे. दहा कुमारींच्या दाखल्यात (मत्तय 25:10-12) दार बंद होतं आणि बाहेर राहिलेल्या कुमारी 'आम्हाला दार उघडा' म्हणतात. लूक 13:25 मध्येही तसंच. बाहेरच्याला आत यायचंय आणि दार उघडत नाही, तर 'त्यानंच निवडलं' हे म्हणणं लंगडं पडतं. स्वतःची निवड हा आधार घ्यायचा असेल, तर पश्चात्तापाचं दार मरणानंतर का बंद व्हावं याचं वेगळं कारण द्यावं लागतं. ते सहसा कोणी देत नाही.

म्हणून ख्रिस्ती लोकांतच आणखी दोन मतं पहिल्यापासून आहेत. एक, दुष्टांचा शेवटी नाश होतो, ते उरतच नाहीत (मत्तय 10:28, आत्मा आणि शरीर दोन्हींचा नाश). इव्हँजेलिकल वर्तुळातले मोठे नाव जॉन स्टॉट यांनी 1988 मध्ये आपला कल या बाजूला असल्याचं लिहिलं, तेव्हा बरीच खळबळ झाली. चर्च ऑफ इंग्लंडच्या सिद्धान्त आयोगानंही 1995 मध्ये नरक म्हणजे पूर्णपणे नसणं, अशी मांडणी केली. दुसरं मत, शेवटी सर्वांचं पुनःस्थापन (1 करिंथ 15:22-28, कलस्सै 1:20). 3ऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिगन याच्या नावावर असलेल्या अशा मतांचा 6व्या शतकात निषेध झाला. पण तीच आशा धरणारा निस्साचा ग्रेगरी (4थं शतक) कधी दोषी ठरला नाही, आजही संत म्हणून गणला जातो.

नाशाच्या मताला प्रकटीकरण 20:10 (रात्रंदिवस, युगानुयुग पीडा) आडवं येतं, पुनःस्थापनेच्या मताला मत्तय 25 आडवं येतं. आणि अनंत शिक्षेच्या मताला अब्राहामाचा प्रश्न. 1970 साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं तेव्हा त्यानं प्रेषितांचा आणि निकीया असे दोन मतांगीकार, म्हणजे विश्वासाचे जुने जाहीरनामे, स्वीकारले. दोन्हींत जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय आहे. शिक्षा किती काळ, हे दोन्हींत नाही. तेव्हा या मुद्द्यावर वेगळं मत असणारा शिक्षक सीएनआय मंडळीचा सभासद म्हणून पाखंडी ठरत नाही. पेंटेकॉस्टल मंडळ्यांची विश्वासपत्रं मात्र बहुधा याबाबत स्पष्ट असतात. सभासद होताना वाचूनच सही करावी.

प्रश्न: मत्तय 25:46 मध्ये शिक्षाही सार्वकालिक आणि जीवनही सार्वकालिक. शिक्षा संपते म्हटलं तर जीवनही संपायला नको का? (बी.एड.ची विद्यार्थिनी, उदगीर)

हा युक्तिवाद ऑगस्टीनचाच आहे आणि जोरदार आहे. समोरची बाजू दोन वचनं पुढं करते. इब्री 6:2 मध्ये 'सार्वकालिक न्यायनिवाडा' आहे. सुनावणी कायम चालत नाही, निकाल कायम राहतो. यहूदा 7 मध्ये सदोमाला 'सार्वकालिक अग्नी'ची शिक्षा झाली असं म्हटलंय, पण सदोम आज जळत नाही. म्हणून शिक्षा सार्वकालिक म्हणजे तिचा परिणाम न फिरणारा, असा अर्थ घेता येतो. आणि तसा घेतला तर जीवन संपण्याचा प्रश्नच येत नाही. प्रकटीकरण 14:11 (त्यांच्या पीडेचा धूर युगानुयुग वर जातो) मात्र इतक्या सहज सुटत नाही. परीक्षेत लिहायचं असेल तर दोन्ही बाजूंची वचनं द्या.

प्रश्न: आमचं घराणं पणजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालं. त्यांचे आईवडील सुवार्ता कानी पडण्याआधीच वारले. ते कुठं असतील? (निवृत्त कर्मचारी, जालना)

हा प्रश्न जुना आहे. मिशनरी फ्रान्सिस झेवियरनं जानेवारी 1552 मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात जपानमधल्या नव्या ख्रिस्ती लोकांचं दुःख सांगितलंय: आमच्या पूर्वजांना काहीच उपाय नाही का, असं विचारून ते रडत. झेवियरचं उत्तर होतं, नाही. त्यांना रडताना पाहून आपल्यालाही वाईट वाटतं असंही त्यानं लिहिलं, पण उत्तर बदललं नाही. त्या काळी बहुतेक मिशनरी हेच शिकवत आणि आपल्याकडच्या जुन्या उपदेशांत तेच झिरपलं.

आज निदान कॅथलिक चर्च असं म्हणत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964 च्या दस्तऐवजात (चर्चविषयीचा, परिच्छेद 16) सांगितलंय की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे प्रांजळ मनानं देवाचा शोध घेतात आणि विवेकाला धरून वागतात, त्यांचं तारण होऊ शकतं. प्रॉटेस्टंट वाचकांनी रोमकरांस 2:12-16 वाचावं. नियमशास्त्र नसलेल्यांच्या अंतःकरणावर नियम लिहिलेला आहे, त्यांचा विवेक साक्ष देतो आणि न्याय त्यावर होतो. जोडीला प्रेषितांची कृत्ये 17:30, अज्ञानाच्या काळाकडं देवानं डोळेझाक केली. मत्तय 11 वर आलंच आहे. जास्त ऐकलेल्याला जास्त जबाब द्यावा लागतो.

जालन्याजवळ पाळक नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं ते 19व्या शतकात. त्याआधी या भागातल्या गावांत येशूचं नाव जवळपास पोचलेलंच नव्हतं. जे कानावरच पडलं नाही ते नाकारल्याचा दोष तुमच्या पणजोबांच्या आईवडिलांवर कोणी लावू नये.

इथं कोणीतरी हमखास म्हणतं, मग सुवार्ता न सांगितलेलीच बरी, निदान नाकारण्याचा धोका तरी नाही! हा तर्क तेव्हाच चालतो जेव्हा सुवार्तेचा उपयोग फक्त नरक चुकवण्यापुरता धरला जातो. बेथेलमध्ये लोक आले ते शाळेसाठी, जमिनीसाठी, माणूस म्हणून बोलावणाऱ्यासाठीही आले. त्यांना त्याच जन्मात काहीतरी मिळालं होतं.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानात जाता तेव्हा पणजोबांच्या आईवडिलांचंही नाव घ्या. मृतांसाठी प्रार्थना चालत नसेल त्या मंडळीत आभारप्रार्थना चालते.

प्रश्न: कर्जापायी माझ्या धाकट्या चुलत्यांनी विष घेतलं. दफनाच्या वेळी आलेल्या उपदेशकानं सर्वांसमोर सांगितलं की आत्महत्या करणारा थेट नरकात जातो. चुलती तेव्हापासून चर्चला येत नाही. (बीड जिल्हा)

आधी सरळ उत्तर: असं सांगायचा अधिकार त्या उपदेशकाला नव्हता. कोणालाच नसतो. कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला संत जाहीर करण्याची लांबलचक प्रक्रिया आहे, साक्षी-पुरावे, चौकशी, सगळं. अमुक माणूस नरकात गेला असं जाहीर करण्याची प्रक्रिया मात्र कुठल्याच चर्चमध्ये नाही आणि दोन हजार वर्षांत ती कोणी काढलेली नाही.

ही समजूत आली कुठून, ते सांगतो, म्हणजे चुलतींना समजावताना उपयोगी पडेल. आत्महत्या म्हणजे 'खून करू नको' या आज्ञेचा भंग, असं ऑगस्टीननं ठामपणे मांडलं. पुढं 1662 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात स्वतःचा जीव घेतलेल्यासाठी दफनविधी वाचू नये अशी सूचना आली. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेतही (कलम 1240) जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचं दफन नाकारलं होतं. जुन्या लोकांच्या मनात तेच बसलं. 1983 च्या नव्या संहितेतून ते कलम गेलं. 1992 च्या धर्मशिक्षण-ग्रंथात (2282-2283) लिहिलंय की तीव्र मानसिक त्रास, भय आणि हाल यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. देवाला ठाऊक असलेल्या वाटेनं त्याला पश्चात्तापाची संधी देता येते.

'पश्चात्तापाला वेळच मिळाला नाही' हा आणखी एक मुद्दा ऐकवला जातो. अपघातात किंवा झोपेत हृदय बंद पडून जाणाऱ्या विश्वासू माणसालाही वेळ मिळत नाही. त्याच्या दफनाला असं कोणी बोलत नाही. आणि विष घेतलेला माणूस आंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तासन्तास, कधी दिवसेंदिवस झुंजतो. त्या तासांत त्याचं देवाशी काय बोलणं झालं, हे कॉटजवळ बसलेल्यालासुद्धा कळत नाही.

शास्त्रातली उदाहरणं पाहा. अहीथोफेलनं गळफास घेतला, आणि 2 शमुवेल 17:23 सांगतं की त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं. शौल स्वतःच्या तलवारीवर पडला. याबेश-गिलादच्या लोकांनी रात्रभर चालून त्याचं प्रेत आणलं, अस्थी पुरल्या आणि सात दिवस उपास केला (1 शमुवेल 31:11-13). दाविदानं त्याच्यासाठी विलापगीत रचलं. या दोघांच्या प्रेतासमोर नरकाचा उल्लेख कोणी केला नाही. शमशोननं स्वतःसकट मंदिर पाडलं, तरी इब्री 11:32 मध्ये तो विश्वासवीरांच्या यादीत आहे.

पाळकांसाठी थोडं. दफन मंडळीच्या कबरस्तानात, नेहमीच्या जागी, नेहमीच्या विधीनं व्हावं. कोपऱ्यातली जागा देऊ नये. पोस्टमॉर्टेममुळं प्रेत उशिरा हातात येतं, तेव्हा वेळ आधीच जाहीर करून लोकांना ताटकळत ठेवू नका. उपदेश पाच-सात मिनिटांचा. रोमकरांस 8:38-39 पुरे: मरण किंवा जीवन, काहीच आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. मृत्यूचं कारण, कर्जाचा आकडा, घरातलं भांडण यांतलं काहीही बोलू नये. बाहेरचा उपदेशक आलाच तर माइक त्याच्या हाती देण्याआधी हे त्याच्या कानावर घाला. आणि उलट्या टोकालाही जाऊ नका. 'आता तो सुटला, शांत झाला' हे वाक्य त्याच कर्जात बुडालेला शेजारी ऐकत असतो.

चुलतींकडं मंडळीतल्या दोन बायांनी जावं, वचनं घेऊन नव्हे, घरच्यासारखं बसायला. ज्यानं जाहीर बोललं त्यानं जमलं तर घरी येऊन माफी मागावी. नाही जमलं तर पाळकांनी उपासनेत सर्वांसमोर सांगावं की ते बोलणं मंडळीची शिकवण नाही. चार लोकांत झालेली जखम खासगीत भरत नाही. घरात आणखी कोणी जीव देण्याची भाषा करत असेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न: मुलगी आठ वर्षांची आहे. उन्हाळी बायबल शाळेत नरकाचं चित्र दाखवलं, मेणबत्तीवर बोट धरायला लावलं. पंधरा दिवस ती एकटी झोपत नाही. (आई, छत्रपती संभाजीनगर)

मेणबत्तीचा प्रकार कानावर आहे. 'एक सेकंद धरवत नाही, मग कायम कसं सोसशील?' असं विचारतात आणि मुलं रडायला लागली की हात वर करायला सांगतात. त्या वर हातांची नोंद 'निर्णय' म्हणून अहवालात जाते. मुलानं घेतलेला निर्णय एवढाच असतो की बोट भाजतंय.

या वयाला चित्र आणि खरं यांतलं अंतर कळत नाही. 'कायमचं' म्हणजे काय हे कळत नाही, पण 'आई येणार नाही' हे नीट कळतं, आणि भीती तिथं असते. म्हणून आधी तिनं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या: तू नरकात जाणार नाहीस, आणि मी तुला सोडणार नाही. त्याला अट जोडू नका. 'चांगलं वागलीस तर' म्हटलं की ती रात्रभर दिवसाचा हिशेब करत बसते. मग तिनं नेमकं काय पाहिलं ते तिच्याच शब्दांत सांगू द्या, मधे दुरुस्ती करू नका. शंभरातलं एक मेंढरू शोधणारा मेंढपाळ (लूक 15:4-6) झोपताना वाचा. रोज तीच गोष्ट मागितली तरी तीच वाचा. महिनाभरात फरक पडला नाही, किंवा जेवण तुटलं, अंथरूण ओलं होऊ लागलं, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. फक्त प्रार्थनेवर भागवू नका.

शिक्षिकेला भेटा, पण भांडायला नको. तिला बहुधा छापील धडे आलेले असतात आणि ती तेच शिकवते. शाळा भरवणाऱ्या कमिटीनं काही गोष्टी ठरवाव्यात. दहा-अकरा वर्षांखाली नरकाची चित्रं किंवा व्हिडिओ नाहीत. शरीराला त्रास देणारा प्रयोग कोणत्याच वयात नाही. डोळे मिटून, दिवे घालवून हात वर करायला लावणं बंद. न्यायाचा धडा द्यायचाच असेल तर मत्तय 25:34-40 एवढाच भाग घ्या: भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी. मुलांना तो लगेच कळतो, घरून डबा आणून कुणाला तरी देताही येतो.

प्रश्न: आई स्वर्गात आणि मुलगा नरकात. आई सुखी कशी राहील? (नांदेड)

या संबंध विषयातला हा सर्वांत अवघड आक्षेप. याला पटेल असं उत्तर आमच्याकडं नाही. मध्ययुगात अक्वायनसच्या परंपरेत शिकवलं गेलं की स्वर्गातल्यांना नरकातल्यांचे हाल दिसतात आणि देवाचा न्याय पाहून त्यांना आनंद होतो. आज हे व्यासपीठावरून वाचून दाखवलं तर लोक उठून जातील. दुसरं उत्तर यशया 65:17 वरून, आधीच्या गोष्टी आठवणार नाहीत. पण मुलाला विसरलेली आई ही आई उरली का? 19व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन धर्मपंडित श्लायरमाखर यांनी हाच धागा पकडला: धन्यांना दुःखितांची कणव असणारच, आणि कणव असेल तर त्यांचं सुख पूर्ण नाही. पौल रोमकरांस 9:3 मध्ये म्हणतो, माझ्या भाऊबंदांसाठी मीच ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल. पवित्र शास्त्रातल्या प्रेषिताला हे वाटतं, तर स्वर्गात गेल्यावर त्याचं काळीज लहान कशानं होईल? अनंत शिक्षा मानणाऱ्यानं या प्रश्नाला हात घातल्याशिवाय पुढं जाऊ नये.

प्रश्न: हिंदू मित्र म्हणतो, आमचा नरक संपतो, तुमचा संपत नाही, दयाळू देव कोणाचा? (परभणी)

मित्राचं म्हणणं बहुतांशी बरोबर आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात 28 नरकांची वर्णनं आहेत, पण कर्म भोगून झालं की जीव पुढं जातो. त्याला एवढं सांगा की अपवाद तिथंही आहे: 13व्या शतकातल्या मध्वाचार्यांच्या मतात 'तमोयोग्य', म्हणजे अंधारासाठीच ठरलेल्या, जीवांना सुटका नाही. आणि आपल्या बाजूलाही एकच मत नव्हतं. ज्यू परंपरेतल्या मिश्नेत दुष्टांचा नरकवास बारा महिन्यांचा धरला आहे. कोणाचा देव जास्त दयाळू ही शर्यत लावू नका. हरलात तर वाईट, जिंकलात तर मैत्री जाते.

प्रश्न: गेहेन्ना म्हणजे यरुशलेमचा जळता कचरा डेपो, असं उपदेशात ऐकलं. खरं का? (पैठण)

नारेगावच्या डेपोचा दाखला देऊन सांगतात तेच ना? गेहेन्ना हा नव्या करारातला नरकाचा शब्द ज्यावरून आला ते हिन्नोमचं खोरं खरं आहे, शहराच्या दक्षिणेला. तिथं आहाज आणि मनश्शे या राजांनी मुलांना अग्नीत घातलं (2 इतिहास 28:3, 33:6), योशियानं ती जागा भ्रष्ट केली (2 राजे 23:10), यिर्मयानं तिला कत्तलीचं खोरं म्हटलं. कचरा जळत असल्याचा उल्लेख मात्र येशूच्या काळातला नाही. तो सुमारे 1200 सालच्या डेव्हिड किमही या ज्यू भाष्यकारानंतर पसरला. डेपो सोडून द्या, मुलांच्या बळींची गोष्ट सांगा. ती जास्त बोचते आणि ती शास्त्रातली आहे.

प्रश्न: यात्रेत वाटायला नरकाचं चित्र असलेली पत्रकं छापावीत का? (तरुण संघ, लातूर)

छापू नयेत. गेहेन्ना हा शब्द नव्या करारात 12 वेळा येतो: 11 वेळा येशूच्या तोंडी, एकदा याकोबाच्या पत्रात. येशू तो बोलतो ते मुख्यतः शिष्यांना आणि शास्त्री-परूशांना, म्हणजे धर्माच्या आतल्या लोकांना. प्रेषितांच्या कृत्यांत, जिथं बाहेरच्यांना सुवार्ता सांगितली जाते, तो शब्द एकदाही नाही. पौलाच्या पत्रांतही नाही. अथेन्समध्ये पौल न्यायाचा दिवस सांगतो, ज्वाळा दाखवत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्या. ओडिशाच्या 1967 च्या धर्मांतरविषयक कायद्यात 'बळजबरी'च्या व्याख्येतच दैवी कोपाची धमकी घातलेली आहे, आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणि मध्य प्रदेशचा तसाच कायदा वैध ठरवला. नरकाचं चित्र असलेलं पत्रक अशा व्याख्येत सहज बसतं. यात्रेत वाटायचंच असेल तर पाणी वाटा, आणि सोबतच्या पत्रकावर लूक 15 चा उधळ्या पुत्राचा दाखला पूर्ण छापा, एका पानात मावतो. खाली मंडळीचं नाव आणि फोन द्या. निनावी पत्रकं वाटताना पोरं पकडली गेली की सोडवायला पाळकांनाच ठाण्यात जावं लागतं.